दुसऱ्या केंद्रातले आबा

आपली नोकरी नक्की कसली आहे हे वृषालीनं पहिल्यांदा आईला समजावून सांगितलं, तेव्हा शालन माने खो खो हसल्या होत्या.

"एवढंच होय! म्हणजे ट्रंक कॉलचंच काम की गं तुझं. मला वाटलं, पोरगी काय तरी मोठं करतेय."

शालनबाई एके काळी सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. पुण्याची लाइन पडली की मुंबईचा कॉल त्या कोल्हापूरकडून फिरवून द्यायच्या. तीही लाइन गच्च असली, तर सोलापूरवरून. सोलापूरवरून आलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा लागायचा, पण यायचा. बोलणाऱ्याला पत्ताही नसायचा, की आपली खुशाली कुठल्या कुठल्या गावांवरून हिंडत चालली आहे. बारशाची बातमी, मयताची बातमी, कांद्याचा भाव, सगळं त्या एकाच दोरीतून जायचं. ऑपरेटर मुलींना अख्ख्या जिल्ह्याची सुखदुःखं ठाऊक असायची, आणि ती पोटात ठेवायची रीतही होती.

वृषालीच्या हातात दोऱ्या नव्हत्या आणि तिच्या लाइनीवरून जायच्या त्या माणसांच्या आठवणी. बाकी काम तेच.

विसरण्याच्या आजारावर औषध अजून सापडलं नव्हतं, पण कुडी निघाली होती. कंपनीनं त्या यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं. बायकांनी त्याची कुडी केली, कारण ते दिसायचंच मोत्याच्या कुडीसारखं. एका मोत्यात डोळा, एकात कान, आणि आतल्या बाजूनं पेशंटलाच ऐकू येईल असा हलका आवाज. दारात कोणी आलं की कुडी सांगायची, 'ही समोरची पद्मा. हिच्या मुलाचं लग्न ठरलंय.' गॅसपाशी उभं राहिलं की सांगायची, 'मीठ घातलं आहे.' दिवसभरात जे घडे ते ती टिपून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढं हळूच परत द्यायची.

कुडी तरी काय, एवढासा दागिना. त्यात माणसाचं आयुष्य थोडंच मावणार? ते असायचं नवी मुंबईच्या एका थंडगार इमारतीत, हजारो यंत्रांच्या रांगांत. आणि त्या इमारतीला काही झालंच तर, म्हणून सगळ्याची एक नक्कल विशाखापट्टणमला. ऑफिसात सगळे विझाग म्हणायचे. नवी मुंबईची नाडी क्षणाक्षणाला तपासली जायची. लागोपाठ काही ठोके चुकले, की सगळ्या कुड्यांची बोलणी आपोआप विझागकडे वळायची. कुठल्या पेशंटला कुठलं केंद्र द्यायचं, पहिलं पडलं तर किती वेळात वळवायचं, परत कधी आणायचं, हे ठरवणं वृषालीकडे होतं.

त्यात एक मेख होती. प्रत्येक गोष्ट दोन्ही केंद्रांत लिहून झाल्यावरच कुडीनं बोलायचं ठरवलं, तर उत्तराला उशीर व्हायचा. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचं नाव तो वळून गेल्यावर कळून काय उपयोग? म्हणून आधी नवी मुंबईत लिहायचं आणि नक्कल मागाहून विझागला पाठवायची, असं ठरलं. नक्कल नेहमी थोडी मागे राहणार. मग पहिलं केंद्र पडलं आणि नक्कल मागे असली तर कुडीनं काय करायचं, यावर मीटिंगमध्ये वाद झाला.

शाहिद मुजावर, तिच्या शेजारच्या टेबलावरचा, मूळचा मिरजेचा. तो म्हणाला, "माने, जुनं खात्रीनं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. कुडीला 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवू या."

"आणि पेशंट भर चौकात उभा असला तर? कान एकदम रिकामा झाला की ती माणसं किती घाबरतात, तू पाहिलेलं नाहीस. जुनं तर जुनं, पण बोलत राहिलं पाहिजे."

"किती जुनं?"

"पापणी लवेपर्यंतचं. तेवढ्यात कुठं आभाळ कोसळतंय?"

वृषालीचं म्हणणं मान्य झालं. त्याच मीटिंगला मेंदूच्या एक डॉक्टर आल्या होत्या. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, की या आजारात प्रसंग पुसला जातो, पण त्यानं उठवलेला राग किंवा माया मागे राहते. मेंदूत त्यांची जागा वेगळी आहे. कुडी प्रसंग सांभाळेल, दुसऱ्या गोष्टीला ती हात लावू शकत नाही. ते सगळ्यांनी ऐकलं आणि मग जेवणाची सुट्टी झाली.

शालनबाईंना आजारानं गाठलं तेव्हा वृषालीनंच त्यांच्या कानात कुडी घातली. जुनी मोत्यांची जोडी काढून डबीत ठेवताना वृषालीचे वडील, आबा, म्हणाले, "आता तरी मला बाजारातनं काय आणायला सांगितलंय ते हिच्या लक्षात राहील. नाही तर मी आणायचं आणि हिनं म्हणायचं, हे कशाला आणलं?"

"सांगितलेलं तुम्ही कधी आणलंय?" शालनबाई म्हणाल्या. "सुतळी सांगितली तर कलिंगड घेऊन येणारा माणूस!"

त्या घरात भांडण असं चालायचं. आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळीसएक वर्षांचा संसार, आणि अजून संध्याकाळी दोघं एकाच बशीतून शेंगदाणे खात बसायची.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कुकरची रिंग फुटली. आबा मारुती चौकात नवी रिंग आणायला गेले आणि दुकानातल्या स्टुलावर बसले ते बसलेच. रिंग त्यांच्या हातातच होती. दुकानदारानं ती पिशवीत घालून त्यांच्याबरोबर घरी पाठवली.

आपल्याकडे सांत्वनाला येणारी प्रत्येक बाई दारात पाऊल टाकते आणि हंबरडा फोडते, आणि घरच्या बाईनं तिच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून रडायचं असतं. कसं झालं, कुठं झालं, शेवटचं काय बोलले. शालनबाई प्रत्येकीला सांगत होत्या आणि कुडी ते सगळं टिपत होती. सकाळी त्या जाग्या झाल्या की कुडी त्यांना आदल्या दिवशीचं सांगे, आणि त्यांच्यासाठी आबा त्या क्षणाला नव्यानं वारत. तेराव्यापर्यंत रोज.

वृषालीला ते बघवेना. हे दिवस संपले की ही रडारड नोंदींमधून वेचून काढू, आबा गेले एवढंच एका वाक्यात ठेवू, आणि मग धड झालेली प्रत विझागला पाठवू, असं तिनं ठरवलं. तोवर आईच्या खात्यापुरती विझागची नक्कल तिनं आबा गेल्याच्या बातमीआधीपर्यंत मागे नेली आणि तिथंच थांबवली. ऑफिसचे अधिकार होतेच हाताशी. तेरावं झालं. तिनं बसून एकेक हुंदका वेचून काढला. शालनबाई हळूहळू स्थिरावल्या. आबांच्या फोटोला रोज सकाळी शेवंतीचं एक फूल वाहायच्या, क्षणभर उभ्या राहायच्या आणि चहा ठेवायला जायच्या. ते पाहून वृषाली पुण्याला परतली, तिथं तुंबलेल्या कामात बुडाली, आणि थांबवलेली नक्कल पुन्हा सुरू करायची तशीच राहिली.

महाशिवरात्रीच्या सुमारास नवी मुंबईच्या केंद्रात बॅटऱ्यांच्या खोलीला आग लागली. ठोके चुकले, आणि लाखभर कुड्या विझागकडे वळल्या. कोणालाही कळलं नाही. ऑफिसात टाळ्या वाजल्या, पेढे आले. वृषालीच्या तोंडात पेढा होता तेव्हा सांगलीहून छायाचा फोन आला. छाया शालनबाईंकडे दिवसभर असायची.

"ताई, आईंचं काय तरी बिनसलंय बघा. दोन कप चहा मांडलाय. आणि आबांच्या फोटोचा हार काढून टाकला. म्हणत्यात, जित्या माणसाला हार कुणी घातला, अवदसा आठवली काय?"

फोन कानाशी धरूनच तिनं आईचं खातं उघडलं. विझागच्या नकलेत आबा वारले नव्हते. तिथली शेवटची नोंद अशी होती: 'आबा कुकरची रिंग आणायला मारुती चौकात गेले आहेत. जेवायला घरी येतील.'

"आईला फोन दे," ती म्हणाली.

"काय गं वृषे?" शालनबाईंचा आवाज टवटवीत होता. कित्येक महिन्यांत वृषालीनं तो तसा ऐकला नव्हता. "तुझे आबा गेलेत रिंग आणायला. येतील आता कलिंगड घेऊन!" आणि त्या हसल्या.

दोन दिवसांनी नवी मुंबई पुन्हा सुरू झाली. सगळे पेशंट परत आणायचे होते. वृषाली पडद्यासमोर बसली. आईचं खातं परत आणलं की कुडी सांगणार: आबा वारले. म्हणजे पुन्हा तो पहिला दिवस. तिच्या कानात ते हसू होतं. तिनं एकच ओळ लिहिली, की काहीही झालं तरी या पेशंटला विझागकडेच पाठवावं. मग छायाला आणि शेजारपाजारच्यांना फोन करून सांगितलं, की आईसमोर आबांचा विषय काढू नका, कुकरच्या रिंगचं विचारलं तर मी आणली म्हणा. फोटो शालनबाईंनी स्वतःच कपाटात ठेवला होता.

शाहिदला ती ओळ आठवड्यातच दिसली.

"माने, हे काय केलंयस? आईला विझागला का चिकटवलंय?"

"थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणजे? आता तिथं वेगळं लिहिलं जातंय, इथलं आहे तिथंच थांबलंय. पुढं दोन्ही जुळायची नाहीत. एक कायमचं पुसावं लागेल. हे मी तुला सांगायचं?"

"ती हसते रे शाहिद."

तो म्हणाला, "माझ्या अम्मीलापण कुडी आहे. अब्बा गेले तेव्हा मी रोज सकाळी तिच्याजवळ बसून राहायचो. दुसरं काय करणार?" आणि तो आपल्या टेबलावर निघून गेला. तिला तो टोमणाच वाटला. ती पुण्यात होती, आई सांगलीला. जवळ बसणं तिला कुठून जमणार?

कुडी खोटं बोलणारी नव्हती. तिला ठाऊक नव्हतं, एवढंच. रात्री ती प्रामाणिकपणे लिहून ठेवायची: 'आबा आज आले नाहीत.' शालनबाई विचारायच्या, "कुठं गेलेत?" कुडी सांगायची, "रिंग आणायला गेले. अजून आलेले नाहीत." "कधी गेलेत?" मग कुडी तेही सांगायची, कारण तारखा तिला नीट कळत होत्या.

पहिले काही दिवस शालनबाई दोन कप मांडत राहिल्या. मग काळजीनं दारात बसू लागल्या. छायाला घेऊन मारुती चौकात जाऊन आल्या. दुकानदारानं त्यांना बघताच मान खाली घातली. ते त्यांनी बरोबर हेरलं. आणखी एक हेरलं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र घालून त्या बाहेर पडल्या की गल्लीतल्या बायका बघायच्या आणि नजर चुकवायच्या. पद्माताई तर हळदीकुंकवाचं आमंत्रण देताना अडखळल्या आणि विषय बदलून निघून गेल्या. ती नजर शालनबाईंनी पूर्वीही पाहिली होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडे लोक तसं बघतात.

कुडीनं तेही टिपून घेतलं. 'पद्मा नजर चुकवते.' 'दुकानदार बोलला नाही.' आणि रोज सकाळी ते गाठोडं त्यांच्या हातात परत दिलं.

मे महिन्यात वृषाली सुट्टी काढून घरी आली. दारातच तिनं आईला ओळखलं नाही. चेहरा ओढलेला, ओठ घट्ट मिटलेले. स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देत होता.

"रिंग बसवली वाटतं," वृषाली काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"छाया म्हणते, तू आणलीस. शेवटी पोरीलाच आणावी लागली." शालनबाई आंब्याच्या फोडी करत होत्या, सुरी ताटलीवर जोरात वाजत होती. "तुला माहीत आहे ना, कुठं आहे तो?"

त्या आबांना कधीच एकेरी म्हणत नसत. भांडतानासुद्धा नाही.

"आई, असं काय बोलतेस?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मलाच कोणी सांगत नाही. दुसरं घर केलंय ना त्यानं?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "आमच्या एक्स्चेंजला विट्याहून एक बाई कॉल बुक करायची. दर शनिवारी, भायखळ्याचा नंबर. पलीकडून सांगायचे, साहेब बाहेर गेलेत. मी तिला सांगायचे, बाहेर गेलेत बाई. ती म्हणायची, बरं, थांबते मी. लाइन धरून बसायची बिचारी. आम्ही पोरी बोर्डाच्या मागं तोंडाला पदर लावून हसायचो. मीसुद्धा." त्यांचे डोळे कोरडे होते. "काय हसले गं मी तिला! आता मी ती बाई झालेय."

"नाही गं आई. आबा तसे नव्हते."

"नव्हते? आता तूपण होते-नव्हते करायला लागलीस? आहेत की नाहीत, एक काय ते सांग."

आबांना आपण जिवंत ठेवलं, असं वृषालीला वाटत होतं. तिनं जिवंत ठेवलेला माणूस रोज संध्याकाळी न येऊन तिच्या आईचा अपमान करत होता, आणि ज्यानं कधी तांब्याभर पाणी आपलं आपण घेतलं नाही असा तो साधा, घरकोंबडा बाप या घरात बदफैली ठरला होता. आणि त्याला आपली बाजूही मांडता येत नव्हती.

तिनं लॅपटॉप उघडला. ती एक ओळ काढली. पडद्यानं विचारलं, दोन्ही केंद्रांतल्या नोंदी जुळत नाहीत, कुठल्या ठेवायच्या? तिनं नवी मुंबई निवडली. विझागमधले महिने, दोन कप, दारातलं बसणं, पद्माताईंची नजर, विट्याची बाई, सगळं पुसलं गेलं. शालनबाईंचा हात फोडीवर थांबला. कानात कुडी काहीतरी सांगत होती. वृषाली त्यांच्या जवळ जाऊन बसली, धरायला.

"आई?"

"काय गं? अशी का बघतेस?"

"कुडी काय म्हणाली?"

"म्हणाली, आबा वारले, तुळशीच्या लग्नाआधी. ते ठाऊक आहे मला." त्या आंबा खाऊ लागल्या. "गोड आहे. घे."

वृषालीला रडूच आलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. ती कपाटाकडे गेली, फोटो काढला, पदरानं पुसला आणि जुन्या खिळ्याला अडकवला.

सकाळी शालनबाईंनी फुलपुडीतलं शेवंतीचं फूल घेतलं, पूर्वीसारखं. कुडीनं सांगितलं असणार, हे फूल आबांच्या फोटोला. त्या भिंतीपाशी गेल्या, हात वर केला, आणि तो तसाच राहिला. मग खाली आला.

"वाहा ना," वृषाली म्हणाली.

"नाही होत गं मन."

"का?"

"माहीत नाही. याच्याकडे बघितलं की राग येतो." त्या फोटोपासून एक पाऊल मागे सरल्या. "या माणसानं मला काहीतरी केलंय. काय केलं ते आठवत नाही."

"काही केलं नाही आई. आबांनी तुला कधी दुखवलं नाही."

"तेच ही म्हणते. ड्यूटी संपली की एक्स्चेंजच्या दारात गजरा घेऊन उभे राहायचे, म्हणते. मी आजारी पडले तेव्हा माझी वेणी घातली, म्हणते." त्यांनी कान चाचपला, मळसूत्र फिरवलं आणि कुडी काढून वृषालीच्या तळहातावर ठेवली. "हिला काही ठाऊक नाही. कुणीतरी पढवलंय हिला. तुला ठाऊक आहे का, काय केलं यानं?"

तळहातावर कुडी कुजबुजत राहिली, ऐकायला कान नसताना. वृषालीला सगळं ठाऊक होतं. आता जगात फक्त तिलाच. सांगितलं असतं, तर कुडीशिवायची आई दुपारपर्यंत ते विसरली असती, आणि राग तेवढा जागच्या जागी राहिला असता. स्वयंपाकघरात छायानं चढवलेला कुकर शिट्टी देऊ लागला. शालनबाईंनी दचकून तिकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला. का, ते त्यांना कळत नव्हतं.

"आई," वृषालीच्या तोंडून निघालं, "ती रिंग आबांनी आणली होती गं. त्यांच्या हातात होती."

शालनबाईंनी शेवंतीचं फूल आपल्याच अंबाड्यात खोचलं आणि लेकीकडे वळून विचारलं, "कसली रिंग?"